वेतन समान, पण दार?

सरकारी नोकराच्या घरी महिनाअखेरीस येणाऱ्या वेतनाकडे सारे कुटुंब डोळे लावून बसलेले असते. परंतु तो आकडा ठरतो कसा, आणि तो मिळविण्याची संधी कोणाला लाभते, याचा विचार आपण क्वचितच करतो. हा विचार करावयाचा तर जबलपूरसारखे दुसरे शहर शोधूनही सापडणार नाही. येथे १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमारियाचा दारूगोळ्याचा कारखाना निघाला आणि १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा कारखाना आला. हे तिन्ही कारखाने १ ऑक्टोबर २०२१ पासून सरकारी कंपन्यांच्या स्वाधीन झाले आहेत. पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय येथेच आहे. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय नागपूर सोडून या नर्मदाकाठच्या नगरीत आले. सरकारी वेतनावर चालणारे संसार येथे आळीआळीत आढळतात.

वेतनाचा मूळ नियम साधा आहे. सरकार वेतन देते ते पदाला, व्यक्तीच्या देहाला नव्हे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नेमलेल्या पहिल्या वेतन आयोगाने कनिष्ठतम नोकरास महागाई भत्त्यासह दरमहा ५५ रुपये ठरविले होते. सातव्या आयोगानंतर, म्हणजे १ जानेवारी २०१६ पासून, केंद्राच्या सेवेतील किमान मूळ वेतन १८,००० रुपये झाले. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाने नव्याने रुजू होणाऱ्या दिवाणी न्यायाधीशाचे प्रारंभीचे मूळ वेतन ७७,८४० रुपये ठरविले. या कोष्टकांत पुरुषांसाठी एक ओळ, स्त्रियांसाठी दुसरी आणि अपंगांसाठी तिसरी, असा भेद कोठेही नाही. समान कामास समान वेतन हे तत्त्व संविधानाच्या ३९ व्या अनुच्छेदात लिहिलेले आहे, आणि सरकारी वेतनकोष्टकापुरते ते पाळलेही जाते.

मग प्रश्न उरला कोठे? तो उरला दारापाशी. खुर्चीवर बसलेल्याचे वेतन समान असले, तरी त्या खुर्चीपर्यंत जाण्याची वाट सर्वांना सारखी खुली नसते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लक्ष व्यक्ती अपंग म्हणून नोंदल्या गेल्या. त्यांपैकी पुरुषांत सुमारे ४७ टक्के कामकरी होते, तर स्त्रियांत अवघ्या २३ टक्के. एकच व्यंग असूनही घरातील मुलाला काम मिळते आणि मुलगी घरीच राहते, असा या आकड्यांचा सरळ अर्थ आहे.

हा अनुभव स्त्रियांना नवा नाही. नाशिक येथे १८६६ साली जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. तथापि, स्त्रियांना वकिली करण्याचा अधिकार आपल्या देशात निःसंदिग्धपणे मिळाला तो १९२३ च्या कायद्याने. स्वातंत्र्यानंतरही परराष्ट्र सेवेतील स्त्रीला विवाहासाठी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे. श्रीमती सी. बी. मुथम्मा यांचे प्रकरण १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी असल्या नियमांची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली. आज मध्य प्रदेशात, वनविभाग वगळता, सरकारी सेवेतील थेट भरतीत स्त्रियांसाठी ३५ टक्के जागा राखीव आहेत. ‘हे काम तिला झेपेल काय?’ हा प्रश्न विचारणारे आता थोडे उरले.

परंतु तोच प्रश्न अंधांविषयी जबलपुरात कालपरवापर्यंत विचारला जात होता. मध्य प्रदेशच्या न्यायिक सेवेच्या १९९४ च्या नियमांत ‘६-अ’ हा एक नियम घालण्यात आला होता. त्या नियमाने अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांना न्यायाधीशपदाच्या नेमणुकीतून वगळले होते. कायद्याची पदवी घ्यावी, ग्रंथ पाठ असावेत, तरीही परीक्षेच्या दारातूनच माघारी फिरावे, असा तो प्रकार होता. २०२४ मध्ये अशा एका उमेदवाराच्या मातेने भारताच्या सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. ३ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांनी निकाल दिला: केवळ दृष्टी नाही म्हणून कोणालाही न्यायिक सेवेपासून दूर ठेवता येणार नाही. ‘६-अ’ हा नियम रद्द झाला.

‘जो पाहू शकत नाही, तो साक्षीदाराचा चेहरा कसा वाचणार?’ अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. ती शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिचे उत्तरही दिले पाहिजे. अठराव्या शतकात लंडनचे दंडाधिकारी सर जॉन फील्डिंग पूर्णतः अंध होते. केवळ आवाजावरून ते असंख्य गुन्हेगारांना ओळखत, अशी त्यांची ख्याती होती. दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती झॅक याकूब यांची दृष्टी तान्हेपणीच गेली, तरी १९९८ पासून २०१३ पर्यंत ते तेथील संविधान न्यायालयात बसले. आज तर संगणक कागदपत्रे वाचून दाखवितो. निर्णयाला लागते ती बुद्धी आणि निःपक्षपाती वृत्ती. डोळ्यांचे काम यंत्राने किंवा मदतनीसाने भागते. विवेकाचे काम मात्र दुसऱ्या कोणाकडून करवून घेता येत नाही.

कायद्याची वाटचालही या दिशेनेच झाली आहे. १९७७ मध्ये केंद्राने अपंगांसाठी ३ टक्के जागा राखल्या, पण त्या केवळ ‘क’ आणि ‘ड’ या खालच्या वर्गांत. १९९५ च्या अधिनियमाने हा हक्क कायद्यात आणला. १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आलेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने किमान प्रमाण ४ टक्के केले आणि २१ प्रकारच्या व्यंगांना मान्यता दिली. याचाच अर्थ, केंद्राच्या सेवेत दर २५ जागांमागे एक जागा. सेवेत असताना अपघाताने वा आजाराने व्यंग आले, तरी त्या नोकराला काढून टाकता येत नाही अथवा त्याचा दर्जा उतरविता येत नाही. त्याच वेतनावर त्याला दुसरे योग्य काम द्यावे लागते. ज्या घरात एकच मिळवता आहे, त्या घराला या एका कलमाचे मोल सांगावयास नको.

केंद्राच्या दिव्यांग कर्मचाऱ्यांना प्रवासभत्ता दुप्पट दराने मिळतो, आणि दिव्यांग मातेला अपत्याच्या संगोपनासाठी विशेष भत्ता मिळतो. यांना कृपा समजू नये. ज्याला बसमध्ये चढता येत नाही, त्याला कचेरीपर्यंत पोचण्यासाठी अधिक खर्च येतो. त्या खर्चाची ही भरपाई आहे. समान वेतन हाती खऱ्या अर्थाने समान उरावे, एवढाच तिचा हेतू.

कुटुंबाने मग काय करावे? आपल्या घरी अथवा शेजारी असे मूल असेल, तर प्रथम त्याचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र करून घ्यावे. राखीव जागेसाठी व्यंग किमान ४० टक्के असल्याचा दाखला लागतो. नोकरीची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी आणि कोणत्या व्यंगासाठी किती जागा आहेत, ते पाहावे. परीक्षेत लेखनिक घेण्याचा आणि तासामागे किमान २० मिनिटे अधिक वेळ मिळण्याचा हक्क आहे. तो संकोच न करता अर्जातच मागावा. अन्याय झाल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते. आणि हे सारे मुलाइतकेच मुलीसाठीही करावे. कारण अर्जाचा कागद घरातूनच बाहेर पडला नाही, तर सरकारने कितीही जागा राखल्या तरी त्या मुलीपर्यंत पोचत नाहीत.

नियम बदलला तो न्यायालयाने खरा. पण न्यायालयाला जाग आणली ती एका मातेच्या पत्राने. आपल्या अपत्याला हे जमणार नाही, असे तिने जगाच्या आधी स्वतःच ठरवून टाकले असते, तर ते पत्र लिहिलेच गेले नसते.