मेलेला पाहुणा उठून गेला!

आपण नुसते ओरडलो आणि समोरचा प्राणी धाडकन मरून पडला, तर काय वाटेल हो? माझ्या आत्यावर हा प्रसंग आला होता.

आत्या तेव्हा लेकीकडे अमेरिकेत, न्यू जर्सीला गेली होती. एके रात्री ती खरकटं टाकायला मागच्या दारी गेली. पाहते तर काय, कचऱ्याच्या डब्यापाशी मांजराएवढा एक राखाडी प्राणी! तोंड पांढरं नि निमुळतं, शेपूट उंदरासारखं बिनकेसांचं. "अगं बाई, केवढी ही घूस!" आत्या किंचाळली. त्या प्राण्यानं आ वासून 'हिस्स' केलं. तोंडभर दात! घाबरून आत्याच्या हातातलं ताट खाली पडलं. खण्णकन आवाज झाला आणि तो प्राणी कुशीवर कोसळला. डोळे उघडे, जीभ बाहेर, तोंडातून लाळ. वर असा वास सुटला, की आत्यानं पदर नाकाला लावला.

"माझ्या हातून जीव गेला गं!" आत्या रडायलाच लागली. लेक समजावत होती, पण आत्या ऐकते कुठली! ती घरात गेली. देव्हाऱ्यातलं गंगाजल घेतलं, खिडकीतल्या कुंडीतलं तुळशीचं पान खुडलं. जावईबापूंना खोकं आणि फावडं शोधायला लावलं. अर्ध्या तासानं ही सगळी मिरवणूक बाहेर आली, तर मयत गायब! खरकटंसुद्धा चाटूनपुसून साफ!

हा मेलेला पाहुणा म्हणजे ओपॉसम.

तुम्ही म्हणाल, हा कोण बुवा? हा कांगारूच्या दूरच्या नात्यातला, पोटाला पिशवी असणारा शिशुधान प्राणी. अमेरिकेत रानावनात आणि घरांच्या आसपासही राहणारी याची जात म्हणजे व्हर्जिनिया ओपॉसम. 'ओपॉसम' हे नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या पोव्हॅटन भाषेतून आलं. जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज दर्यावर्दीनं १६१२ साली छापलेल्या पुस्तकात याचं वर्णन करताना डुक्कर, उंदीर आणि मांजर अशा तिघांची आठवण काढली आहे. आत्याची घूस काही फार चुकली नव्हती म्हणायची!

याच्या तोंडात ५० दात असतात. पिल्लं आईच्या पोटात जेमतेम १२-१३ दिवस राहतात. जन्मतात तेव्हा घेवड्याच्या दाण्याएवढी असतात आणि सरपटत पिशवीत शिरतात. आईला बहुधा १३ स्तनाग्रं असतात, त्यामुळे एका वेळी १३ पिल्लांचीच सोय होते. मोठी झाली, की पिल्लं आईच्या पाठीवर बसून फिरायला निघतात. कीटक, फळं, उंदीर, मेलेली जनावरं, माणसाचं उष्टं, याला सगळं चालतं.

सगळं चालतं म्हणूनच माणसांशी गाठ पडते. २०२५ च्या सुरुवातीला नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात एका घराबाहेर गार राहावा म्हणून चॉकलेटचा भलामोठा केक ठेवला होता. एका ओपॉसम मादीनं तो सगळाच्या सगळा फस्त केला! मग बाईसाहेब तिथंच धापा टाकत बसल्या. पंजांना चॉकलेट, सगळीकडे चॉकलेटचे ठसे. चोर इतका सहज कधी सापडला नसेल! चॉकलेट प्राण्यांना बाधू शकतं, म्हणून तिला वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रात नेलं आणि तिच्या खाण्यावर पथ्य आलं.

दुसरी गंमत कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची. २०२३ मध्ये तिथल्या बेसबॉल मैदानात बाहेरून आलेल्या संघाच्या समालोचकांना आपली खोली सोडून दुसरीकडे बसावं लागलं. कारण? त्यांच्या खोलीत एका ओपॉसमनं बिऱ्हाड थाटलं होतं, आणि वासानं तिथं बसवेना!

हसू येतं ना? पण आता आत्याच्या पाहुण्याकडे परत जाऊ.

इंग्रजीत कुणी झोपेचं किंवा अजाणपणाचं ढोंग केलं, की तो 'पॉसम खेळतोय' असं म्हणतात. पण मुलांनो, ओपॉसम ढोंग करतच नाही! तो आधी पळून पाहतो, फिस्कारतो, दात दाखवतो. तरी धोका टळला नाही, की भीतीनं त्याचं शरीर आपोआप ताठरतं. ते त्याच्या हातात नसतं. काही मिनिटं, कधी काही तास तो तसाच पडून राहतो. अंगातून दुर्गंधी द्रव सुटतो. शिकारी प्राण्याला वाटतं, सडलेलं दिसतंय, आणि तो निघून जातो. शास्त्रज्ञांनी अशा वेळी त्याच्या मेंदूची नोंद घेतली, तर मेंदू जागा होता! बाहेरून निपचित, आतून जागा. सावध होताना आधी त्याचे कान हलतात. आवाजाचा अंदाज घेऊन मग तो उठतो.

हे वाचलं आणि मी चपापलेच. माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा आहे. पाढा म्हणायला उभा केला, की त्याचा पुतळा होतो. डोळे उघडे, ओठ बंद. एकदा मी वैतागून म्हटलं होतं, "सोंग करू नकोस!" सगळा वर्ग हसला. तो मात्र हलला नाही. आता कळलं, की ते सोंग नव्हतं. माझा एक एक शब्द त्याला ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात ओपॉसमची गोष्ट सांगितली. आत्याच्या गंगाजलावर मुलं पोट धरून हसली. त्या मुलाला मी काहीच विचारलं नाही. मधल्या सुट्टीत आम्ही झाडांना पाणी घालत होतो, तेव्हा तो हळूच जवळ आला.

"बाई, सात ओपॉसम आया असल्या, तर किती पिल्लांची सोय होईल?"

"किती बरं?" मी विचारलं.

"तेरा सत्ते एक्याण्णव!" असं म्हणून तो झारी घेऊन पळाला.

आता हा ओपॉसम आपल्याला दिसणार नाही, पण त्याच्या रक्तातला एक गुण आपल्याही कामाचा आहे. रॅटलस्नेकसारख्या सापांचं विष त्याला सहसा मारू शकत नाही. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी त्याच्या रक्तातल्या प्रथिनावरून एक छोटा रेणू बनवला. उंदरांवरच्या प्रयोगात तो विषावर उपयोगी ठरला. त्यात आपल्या शेताबांधावर आढळणाऱ्या घोणस जातीचंही विष होतं! ज्याला घूस म्हणून हाकललं, तो उद्या आपल्याच शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल, कुणी सांगावं?

तेव्हा कुठलाही रानचा प्राणी अंगणात निपचित पडलेला दिसला, तर काठीनं ढोसू नका, दगड मारू नका. हातही लावू नका. लांब उभे राहा, कुत्र्याला बांधा, मोठ्यांना हाक मारा. जखमी वाटला, तर वनविभागाला कळवायला सांगा. नुसता घाबरलेला असेल, तर त्याला थोडा वेळ द्या.

आणि पालकहो, हीच गोष्ट घरातल्या गप्प उभ्या राहिलेल्या पिल्लालाही लागू आहे बरं का! आधी कान हलू द्यावेत.