सात दिवसांचं शिबिर आणि उरलेलं वर्ष

24 सप्टेंबर 1969. गांधीजींच्या जन्मशताब्दीचं वर्ष. देशातल्या 37 विद्यापीठांमध्ये राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो) सुरू झाली, तेव्हा तिच्यात सुमारे 40 हजार विद्यार्थी होते. तीन वर्षांनी, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, नेहरू युवा केंद्रं आली. महाविद्यालयात जाणाऱ्यांसाठी पहिली योजना, न जाणाऱ्यांसाठी दुसरी, अशी ढोबळ वाटणी होती. ग्रामीण तरुणाला घडवायचं काम सरकारने अंगावर घेतलं ते साधारण या काळात. आज पन्नासहून अधिक वर्षांनी मागे पाहताना मला त्यात यशही दिसतं आणि भरपूर वाया गेलेला घामही.

रासेयोचं हिवाळी शिबिर ज्याने केलं आहे त्याला त्याचा दिनक्रम झोपेतही सांगता येईल. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत, वर्गातले बाक भिंतीला लावून. पहाटे व्यायाम, मग न्याहारी, मग श्रमदान. दुपारी पाहुण्यांचं व्याख्यान, रात्री पारावर पथनाट्य. सात दिवसांनी समारोप, हार, छायाचित्र आणि प्रमाणपत्र. वर्षाला 120 तास भरले की नोंदवहीचंही समाधान होतं. पण सुरुवातीला हे इतकं ठरीव नव्हतं. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रातली लाखो माणसं खडी फोडायला रस्त्यावर आली होती आणि 1973 च्या शिबिरांचा विषयच दुष्काळाशी लढा हा होता. घरचेच लोक कामावर असताना कुदळ हाती घेणं आणि नंतरच्या काळात दर डिसेंबरात त्याच गावात तोच शोषखड्डा पुन्हा खणणं यांत मोठं अंतर आहे. शोषखड्डा खणू नये असं नाही. पण तो कुठे हवा, हे शिबिरार्थींना किती गावांत ठरवू दिलं गेलं?

त्याच सुमारास बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळच्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरवायला सुरुवात केली. मे महिन्याचं विदर्भातलं ऊन, हातात घमेलं, आणि यजमान कोण, तर कुष्ठरोगातून बरे होऊन तिथली शेती कसणारी माणसं. ज्यांना समाजाने दयेचा विषय मानलं त्यांच्याकडूनच काम शिकायचं, असा तो उलटा वर्ग होता. पुढे सामाजिक कामात पडलेल्या कित्येकांच्या बोलण्यात सोमनाथचा उल्लेख हमखास येतो.

1975 मध्ये जयप्रकाशांनी छात्र युवा संघर्ष वाहिनी स्थापन केली आणि सदस्यत्वाला तिशीची मर्यादा घातली. तिशी उलटली की बाहेर. आजच्या युवक संघटनांतले पन्नाशीचे ‘युवा नेते’ पाहिले की त्या नियमाची फार आठवण होते. याच वाहिनीतून आलेले मोहन हिराबाई हिरालाल पुढे गडचिरोलीत मेंढा (लेखा) या गोंड गावात पोचले. तिथे ते काही शिकवायला बसले नाहीत. गावाने अभ्यासगट काढला. त्यात चर्चा करायची, माहिती काढायची, बाहेरच्याला प्रश्न विचारायचे, आणि निर्णय मात्र ग्रामसभेनेच सर्वसहमतीने घ्यायचा. देवाजी तोफा हे नेतृत्व तिथूनच पुढे आलं. गोंडांकडे गोटूल म्हणजे तरुणांचं घर ही परंपरा मुळातच होती. मेंढ्याने ते पुन्हा बांधलं तेव्हा लाकडावरून वनखात्याशी वाद झाला आणि आसपासच्या गावांनीही आपापली गोटूलं उभारली. 2009 साली सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा होतं, ते वीसेक वर्षांच्या या बैठकांच्या जोरावर.

या सगळ्यात मला सर्वांत शिकण्याजोगा वाटतो तो पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातला पाबळचा प्रयोग. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञ. अमेरिकेत डॉक्टरेट केलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरच्या पदावर. ती नोकरी सोडून 1983 साली त्यांनी या पर्जन्यछायेतल्या गावी विज्ञान आश्रम काढला. शाळेतून गळालेला पोरगा बुद्धीने कमी नसतो, त्याला हाताने शिकायचं असतं, ही त्यांची खात्री होती. म्हणून एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आखला, आणि त्याचे चार भाग केले: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. वेल्डिंग, वायरिंग, रोपवाटिका आणि रक्तगट तपासणी हे सगळं एकाच मुलाने शिकायचं. खेड्यात केवळ वेल्डिंगवर पोट भरत नाही, हा हिशेब त्यामागे होता. आश्रमाची पोरं जमिनीचा विद्युतरोध मोजून भूजलाचा अंदाज सांगत आणि आसपासचे शेतकरी त्यावर भरवसा ठेवून विहीर काढत. अंदाज चुकला तर शेतकऱ्याचे पैसे बुडणार. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला जबाबदारी म्हणजे काय हे याहून चांगलं कुठलं व्याख्यान समजावणार?

हाच अभ्यासक्रम पुढे आठवी ते दहावीच्या शाळांत ‘मूलभूत तंत्रज्ञान’ म्हणून गेला. मुलांनी गावातली खरी कामं खऱ्या पैशांत करायची, प्रत्येक कामाचा खर्च आधी कागदावर काढायचा. मला त्यातलं हे खर्च काढणं फार मोलाचं वाटतं. ज्याला खर्च काढता येतो त्याला सहसा कोणी गंडवत नाही, आणि पुढे तो ग्रामपंचायतीत बसला तर अंदाजपत्रक उलटं धरत नाही.

आतापर्यंत मी ‘तरुण’ म्हणत आलो त्यात मुली फारशा नव्हत्या, हे वाचकाच्या लक्षात आलंच असेल. युवक मंडळ म्हणजे पोरांचं, तालीम पोरांची, कबड्डीचं मैदान पोरांचं. शिबिरात मुली असत, पण बहुधा तालुक्याच्या महाविद्यालयातल्या. गावातली शाळा सुटलेली चौदा वर्षांची मुलगी कोणत्याच योजनेत नव्हती. तिच्यासाठी एकच योजना होती, लग्न. पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटने नव्वदच्या दशकाच्या शेवटी नेमकं इथे हात घातला. बारा ते अठरा वयाच्या अविवाहित मुली, रोज संध्याकाळी एक तास, सलग वर्षभर. शिकवणारी त्याच गावातली बाई, निदान सातवी शिकलेली. आरोग्य, आहार, ग्रामपंचायतीचा कारभार, चारचौघांत बोलणं असे विषय. 1997 ते 2001 या काळात त्या भागातल्या मुलींच्या लग्नाच्या वयाचा मध्यक सोळावरून सतरावर गेला. कायद्याच्या अठरापर्यंत तो पोचला नाही, हे खरं. तरी चार वर्षांत अख्ख्या भागाचं लग्नाचं वय वर्षभराने पुढे सरकणं ही लहान गोष्ट नाही. आणि हे साधलं कोणी? बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने नव्हे. आईबाप जिला रोज पाहत होते, जिच्याकडे मुलीला अंधार पडल्यावरही पाठवायची त्यांची तयारी होती, त्या शेजारच्या बाईने.

हिवरे बाजारची कथा आता सर्वांना ठाऊक आहे, म्हणून एवढंच सांगतो: 1989 साली पोपटराव पवारांनी सरपंच व्हावं म्हणून गळ घालणारे गावातले तरुण होते. 2016 मध्ये तीन तालुक्यांपासून सुरू झालेली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा 2018 पर्यंत 75 तालुक्यांत गेली. तिने निवासी प्रशिक्षण दिलं आणि लगेच 45 दिवसांचं मोजता येणारं काम समोर ठेवलं. शिकणं आणि करणं यांत खंड पडू दिला नाही, हे तिचं बळ.

गेल्या काही वर्षांत मात्र गाडी वेगळ्या रुळावर गेली आहे. 2023 मध्ये केंद्राने ‘माय भारत’ हे व्यासपीठ उभारलं, नोंदणी मोबाईलवर. 2024 मध्ये राज्याने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. शिक्षणानुसार महिना सहा, आठ किंवा दहा हजार रुपये, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. बेकार पोराच्या हातात चार पैसे पडले, ते वाईट नाही. पण कार्यालयात टेबलामागे सहा महिने बसवून पुढची वाट न दाखवता घरी पाठवणं याला मी नेतृत्वाची घडण म्हणणार नाही.

कायद्याने एकविसाव्या वर्षी सरपंच होता येतं. ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखडा दरवर्षी होतो. येत्या हिवाळ्यात तुमच्या गावात शिबिर येईल तेव्हा सरपंचांनी आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांनी एवढं करावं: आराखड्यातलं एक छोटं काम निवडावं आणि गावातल्या मुलामुलींच्या गटाकडे ते पूर्ण सोपवावं. मोजमाप त्यांनी घ्यावं, अंदाजपत्रक त्यांनी मांडावं, ग्रामसभेत उत्तरं त्यांनी द्यावीत, आणि शिबिर उठल्यावर वर्षभर ते कामही त्यांनीच सांभाळावं.