वायुजनक भट्टीचें इंधन

दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल दुर्मिळ झालें, तेव्हां हिंदुस्थानांतील कित्येक मोटारगाड्यांच्या पाठीमागें लोखंडी भट्टी बसली आणि त्या कोळशाच्या वायूवर धांवूं लागल्या. युरोपांत तर लांकडाच्या वायूवर चालणाऱ्या गाड्या लाखोंनीं होत्या. त्यांपैकीं पुष्कळांवर जॉर्ज इंबर्ट यानें १९२० नंतरच्या दशकांत सिद्ध केलेल्या धर्तीची भट्टी असे. तिला वाटेल तें लांकूड चालत नसे. ठराविक मापाचे तुकडे करून ते वाळवावे लागत. हा निव्वळ चोखंदळपणा नव्हता.

लांकूड तापलें म्हणजे प्रथम वाफ आणि डांबरी धूर सुटतो. भट्टीच्या अरुंद गळ्यांत हजार अंशांपर्यंत तापलेला लालभडक कोळसा असतो. त्यांतून जातांना डांबर फुटून ज्वलनशील वायु व्हावा, अशी ती रचना. आतां नुकत्याच तोडलेल्या लांकडांत जवळजवळ निम्मं वजन पाण्याचें असतें, आणि एक किलो उकळत्या पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५४० किलोकॅलरी उष्णता खर्चीं पडते. तितका गळा थंडावतो. मग कार्बन मोनॉक्साइड घटतो, डांबर तसेंच पुढें जातें आणि एंजिनाच्या झडपा चिकटून बसतात. म्हणून ओलावा शेंकडा २० च्या आंत ठेवतात. थोडी वाफ मात्र उपकारकच. तप्त कोळशाशीं संयोग पावून ती हायड्रोजन देते.

तुकडे फार बारीक असले तर हवेची वाट कोंडते. फार मोठे असले तर ते गळ्यावर कमान धरून अडकतात.

राखेचें प्रकरण अधिक अवघड. नारळाच्या करवंटींत ती फारच थोडी, भाताच्या तुसांत शेंकडा २० च्या आसपास. गवतकाडींतील पोटॅशमुळें राख लवकर वितळते आणि जाळीवर खंगर बसतात. पावसांत भिजलेल्या काडींतून पोटॅश बरेंचसें धुऊन जातें; पण ती काडी पुन्हां वाळवावी लागते, हें आलेंच.

शेतांत जाळलें जाणारें उंसाचें पाचट दाबून त्याच्या कांड्या करतां येतात, परंतु त्यास खर्च पडतो. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें १९९० नंतरच्या दशकांत उलट मार्ग धरला आणि सुट्या पाचटावर व चिपाडावर चालणारी भट्टीच बनविली.

हवेवर चालणाऱ्या भट्टीच्या वायूंत सुमारें निम्मा नत्रवायु असतो. मेथॅनॉलसारखीं द्रव्यें करावयाचीं तर हवेऐवजीं प्राणवायु किंवा वाफ देऊन संश्लेषण-वायु काढतात. तेथें काडींतील अल्पस्वल्प गंधक व क्लोरीनही तांब्याच्या उत्प्रेरकास निकामी करतें. म्हणून इंधन निवडल्यावरही वायु धुऊन, गाळूनच पुढें सोडावा लागतो.