आठ वेळा पहिली, पण परीक्षाच नाही!

एखादी विद्यार्थिनी ओळीने आठ वर्षे वर्गात पहिली येते. पण मोठ्या परीक्षेची वेळ आली की तिला सांगितले जाते, ‘बाई, ही परीक्षा फक्त मुलांसाठी आहे.’ ऐकायला विचित्र वाटते ना? ब्राझीलच्या अमांडिन्या या फुटसालपटूच्या बाबतीत नेमके हेच घडले.

फुटसाल म्हणजे फुटबॉलचे धाकटे भावंड. उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ येथे १९३० मध्ये एका व्यायामशिक्षकाने हा खेळ सुरू केला. ४० मीटर लांब व २० मीटर रुंद, म्हणजे आपल्या खो-खोच्या मैदानाहून काहीसे मोठे मैदान. प्रत्येक संघात पाच खेळाडू आणि कमी उसळणारा लहान चेंडू. जागा थोडी असल्याने डोके आणि पाय दोन्ही चपळ लागतात.

अमांडिन्याचा जन्म १९९४ मध्ये ब्राझीलच्या फोर्तालेझा या समुद्रकाठच्या शहरातला. खरे नाव अमांडा. पोर्तुगीज भाषेत ‘अमांडिन्या’ म्हणजे लहानगी अमांडा. आपण मराठीत ‘छकुली’ किंवा कन्नडमध्ये ‘पुट्टी’ म्हणतो ना, तसेच हे लाडाचे नाव. तिच्या देशात १९४१ ते १९७९ या काळात स्त्रियांना फुटबॉल खेळायला कायद्यानेच मनाई होती. म्हणजे तिच्या आजीच्या पिढीला चेंडूला पाय लावणे हाच गुन्हा!

ही छकुली मात्र खेळत राहिली. घरापासून दूर, दक्षिणेकडील थंड डोंगराळ लाजेस शहरातल्या ‘लेओआस दा सेरा’ म्हणजे ‘डोंगरातल्या सिंहिणी’ या संघाकडून तिने नाव कमावले. पुढे ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मेलिल्ला या स्पॅनिश शहराच्या संघाकडूनही खेळली. २०१४ ते २०२१ अशी सलग आठ वर्षे ‘फुटसालप्लॅनेट’च्या पुरस्कारांत जगातील सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून तिचीच निवड झाली.

पण विश्वचषक? पुरुषांचा पहिला अधिकृत फुटसाल विश्वचषक १९८९ मध्ये नेदरलँड्सला झाला. २०२१ मध्ये लिथुआनियातील विल्नियस, कौनास आणि क्लायपेडा या शहरांत पुरुषांची नववी स्पर्धा रंगली आणि पोर्तुगालने ती जिंकली. त्याच वर्षी अमांडिन्याने आठव्यांदा सर्वोत्तम होण्याचा मान मिळवला. महिलांसाठी २०१० ते २०१५ या काळात दरवर्षी जागतिक स्पर्धा झाली आणि सहाही वेळा ब्राझीलच जिंकला. पण फिफाची मोहोर त्या स्पर्धेवर नव्हती.

अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये फिलिपिन्समध्ये सोळा देशांचा पहिला महिला विश्वचषक सुरू झाला. ७ डिसेंबरच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने पोर्तुगालला ३-० असे हरवले. त्या विजयी संघात अमांडिन्या होती, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. पुरुषांच्या पहिल्या विश्वचषकानंतर छत्तीस वर्षे उलटली होती!

तिची वाट पाहणे सत्कारणी लागले. पण तिच्याआधी तितक्याच तयारीच्या किती जणी वाट पाहून निवृत्त झाल्या असतील! आपल्या घरातली मुलगी संध्याकाळी चेंडू घेऊन बाहेर निघाली की ‘खेळून काय मिळणार?’ असे आपण सहज विचारतो. त्याऐवजी एकदा मैदानापर्यंत तिच्यासोबत जावे. तिथे तिला खेळायला जागा मिळते का, एवढे तरी पाहून यावे.