फसलेल्या टास्कचा माग

एकट्या संशोधनसंस्थेच्या आवाक्याबाहेरचे गणित लहान लहान तुकड्यांत फोडून ते जगभरच्या घरगुती संगणकांकडे पाठवायचे आणि त्या संगणकांच्या रिकाम्या वेळात ते करवून घ्यायचे, या पद्धतीला स्वयंसेवी वितरित संगणन म्हणतात. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये मर्सेन मूळ संख्यांच्या, म्हणजे दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांच्या शोधासाठी ‘गिम्प्स’ हा प्रकल्प सुरू केला, आणि १७ मे १९९९ रोजी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून निघालेल्या ‘सेटी ॲट होम’ने ही कल्पना घराघरांत पोहोचवली. डेव्हिड अँडरसन यांनी तेथेच विकसित केलेली ‘बॉइंक’ ही प्रणाली आज अशा अनेक प्रकल्पांचा सामाईक पाया आहे. ‘सेटी ॲट होम’ने ३१ मार्च २०२० रोजी नवे काम वाटणे थांबवले, तरी ‘आइन्स्टाइन ॲट होम’ किंवा ‘एलएचसी ॲट होम’ याच प्रणालीवर चालत राहिले.

या साऱ्या व्यवस्थेचा आधार विश्वास नसून अविश्वास आहे. घरचा संगणक मध्येच बंद होईल, तापेल, चुकेल, क्वचित कोणी मुद्दाम खोटे उत्तर पाठवील, हे गृहीत धरूनच तिची रचना झाली. म्हणून गणिताचा एक तुकडा, ज्याला ‘वर्कयुनिट’ म्हणतात, अनेक प्रकल्पांत किमान दोन अनोळखी संगणकांकडे पाठवला जातो. त्यातील प्रत्येक प्रत म्हणजे एक ‘टास्क’, आणि दोन्हींची उत्तरे जुळली तरच निकाल ग्राह्य धरला जातो. अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींतून ‘आइन्स्टाइन ॲट होम’ला सापडलेला आणि २०१० मध्ये जाहीर झालेला पल्सार हा त्या प्रकल्पाचा या प्रकारातला पहिला शोध होता, आणि त्याचे श्रेय एका संगणकाला न जाता अमेरिकेतील आयोवा आणि जर्मनीतील माइन्झ अशा दोन ठिकाणच्या संगणकांना मिळाले.

टास्क फसली आणि तिच्यापुढे ‘कॉम्प्युटेशन एरर’ असा शेरा उमटला, तर बहुतेक स्वयंसेवक आधी आपल्या यंत्राकडे संशयाने पाहतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे प्रकल्प ‘रीसेट’ करून मोकळे होतात. रीसेट हा सर्वांत सोपा आणि सर्वांत अनाठायी वापरला जाणारा उपाय होय, कारण त्यामुळे हातातील अर्धवट झालेल्या सगळ्या टास्क नाहीशा होतात आणि दोषाचा पुरावाही त्यांच्याबरोबर जातो. पहिले पाऊल वेगळेच असावे: त्याच वर्कयुनिटच्या इतर प्रतींचे काय झाले, हे प्रकल्पाच्या नोंदींत पाहावे. त्या प्रतीही वेगवेगळ्या यंत्रांवर कोसळल्या असतील, तर दोष त्या तुकड्याच्या माहितीत किंवा प्रकल्पाच्या प्रोग्राममध्ये असण्याचा संभव मोठा. ठरावीक संख्येहून अधिक प्रती फसल्या की बॉइंकचा सर्व्हर स्वतःच तो वर्कयुनिट बाद करतो. इतरांकडे तीच टास्क सुरळीत पार पडली असेल, तर मात्र शोध घरात सुरू करावा लागतो.

या शोधात सर्वांत उपयोगी साक्षीदार म्हणजे काळ. सुरू होताच काही सेकंदांत मरणाऱ्या टास्कला सहसा आवश्यक वस्तूच मिळालेली नसते. ‘क्लायमेटप्रेडिक्शन’ या हवामान प्रकल्पाचे ३२-बिट प्रोग्राम लिनक्सवर चालवताना ३२-बिट लायब्ररी बसवलेल्या नसल्या तर असे घडते. ‘एलएचसी ॲट होम’च्या काही टास्क संगणकाच्या आत एक आभासी संगणक उभा करतात, त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्स नसेल किंवा बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असेल तर त्याही तग धरत नाहीत. ग्राफिक्स कार्डावरील टास्कच्या बाबतीत संशय आधी ड्रायव्हरवर घ्यावा, विशेषतः विंडोजने तो परस्पर बदलला असेल तर. अशा तत्काळ मरणाऱ्या टास्कचा एक उपद्रव असा, की निरोगी यंत्र दिवसात दहा टास्क संपवते, तर बिघडलेले यंत्र तेवढ्याच वेळात शेकडो टास्क गिळून वाया घालवू शकते. म्हणून चुका होत राहिल्या की सर्व्हर त्या यंत्राचा रोजचा शिधा घटवत नेतो आणि बरोबर उत्तरे येऊ लागली की पुन्हा वाढवतो. ‘आज काम का मिळत नाही’ या तक्रारीचे उत्तर अनेकदा आदल्या दिवशीच्या चुकांत असते.

बऱ्याच वेळाने फसणाऱ्या टास्कसाठी त्रुटीचा क्रमांक वाचावा लागतो. १९६ म्हणजे टास्कने नेमून दिलेल्या मर्यादेपेक्षा डिस्कवर अधिक जागा घेतली, आणि १९८ म्हणजे तेच स्मृतीच्या, अर्थात रॅमच्या, बाबतीत घडले. १९७ म्हणजे वेळमर्यादा ओलांडली. ही मर्यादा गणिताच्या नेमून दिलेल्या कमाल आकाराला यंत्राच्या अंदाजित वेगाने भागून ठरत असल्यामुळे, बॉइंकने यंत्राचा वेग वाजवीपेक्षा जास्त मानला असेल तर नीट चाललेली टास्कही अकाली मारली जाते, आणि तिथे यंत्राची दुरुस्ती करून काहीच साधत नाही. विंडोजवर दिसणारा −१०७३७४१८१९ हा अवाढव्य ऋण आकडा घाबरवणारा असला, तरी प्रोग्रामने स्वतःची नसलेल्या स्मृतीला हात लावला एवढाच त्याचा अर्थ. तो एखाद्या टास्कपुरता आला तर दोष प्रोग्रामचा असू शकतो, पण वेगवेगळ्या प्रकल्पांच्या टास्कवर विखरून येऊ लागला तर रॅम तपासावी.

काही अपयशे मुळात अपयशे नसतात. टास्क शून्य क्रमांकासह थांबली पण समाप्तीची फाइल सापडली नाही, असा संदेश बॉइंक अधूनमधून देतो. टास्कला मुख्य प्रोग्रामकडून नियमित खूण मिळत असते आणि सुमारे ३० सेकंद ती आली नाही की टास्क आपणहून थांबते. डिस्क अडकली, अँटिव्हायरसने बॉइंकच्या फोल्डरची झडती सुरू केली किंवा संगणकाचे घड्याळ एकदम पुढे सरकले, तरी असे होते. टास्क शेवटच्या ‘चेकपॉइंट’पासून, म्हणजे मध्ये साठवलेल्या टप्प्यापासून, पुन्हा सुरू होते, आणि बॉइंकचे फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळले की बहुधा प्रश्न मिटतो.

उष्णता हे कारण कंटाळवाणे वाटते, परंतु ते वारंवार खरे ठरते. दिवसरात्र पूर्ण क्षमतेने चालण्याची सवय घरगुती यंत्राला नसते, आणि विदर्भातील मे महिन्यात खोलीतील हवाच चाळिशीला टेकलेली असताना, धूळ बसलेल्या पंख्याच्या लॅपटॉपकडून अचूक गणिताची अपेक्षा करणे फारसे न्याय्य नाही. बॉइंकमध्ये वापरायच्या प्रोसेसर गाभ्यांची संख्या कमी करता येते. कारखान्याने ठरवलेल्यापेक्षा अधिक वेगाने, म्हणजे ओव्हरक्लॉक करून, यंत्र चालवले जात असेल तर तो वेग आधी पूर्ववत करावा, कारण खेळात जी चूक पडद्यावर क्षणभर चमकून जाते तीच गणितात शेवटपर्यंत टिकते.

कोसळणारी टास्क निदान प्रामाणिक असते. खरा धोका गाजावाजा न करता चुकीचे उत्तर देणाऱ्या टास्कचा. तिला पकडण्यासाठी दोन उत्तरे ताडून पाहावीत, तर निर्दोष यंत्रांची उत्तरेही दशांशाच्या शेवटच्या स्थानी वेगळी येऊ शकतात, कारण निकटीकरणाची पद्धत प्रोसेसर आणि प्रोग्राम यांनुसार किंचित बदलते. सर्नच्या महाकाय त्वरकातील कणांच्या लाखो फेऱ्यांचे गणित करणाऱ्या, ‘एलएचसी ॲट होम’च्या ‘सिक्सट्रॅक’ या प्रोग्राममध्ये हा किंचित फरक फेरीगणिक फुगत जाई, अखेर फ्रान्समधील लियाँ येथे तयार झालेली, सर्व यंत्रांवर एकसारखे निकटीकरण करणारी गणिती लायब्ररी त्यासाठी वापरावी लागली. गिम्प्सच्या ‘प्राइम९५’ या प्रोग्रामने आतूनच पहारा बसवला आहे: त्यातील गुणाकाराचे आकडे पूर्णांकाच्या अगदी जवळ यायला हवेत, आणि फरक ०.४ च्या पुढे गेला की तो यंत्राच्या बिघाडाचा इशारा देतो. पुढे रॉबर्ट गेर्बिच यांनी सुचवलेल्या पडताळणीमुळे, थोड्याशा जादा गणिताच्या मोबदल्यात चूक जवळजवळ हमखास पकडता येऊ लागली. या कडकपणामुळेच मूळ संख्यांशी काही देणेघेणे नसलेले लोकही नव्या यंत्राची कसोटी घेण्यासाठी प्राइम९५ चालवतात.

यंत्र संशयित आणि प्रोग्राम निर्दोष हा निवाडा मात्र घरच्या यंत्रापाशीच थांबतो असे नाही. इंटेलच्या ‘स्कायलेक’ पिढीच्या प्रोसेसरांवर प्राइम९५ चालवताना एका विशिष्ट आकाराच्या गणितात संगणक गोठत असल्याचे आढळले. ज्यांचे यंत्र गोठले त्यांनी वर सांगितलेले सगळे उपाय केले: वेग उतरवला, रॅम तपासली, थंडावा वाढवला. परंतु ओव्हरक्लॉक न केलेल्या, निरनिराळ्या मदरबोर्डांच्या यंत्रांवरही तेच गणित तिथेच अडत होते, तेव्हा दोष एकेका घरातील नसून चिपमधील आहे हे उघड झाले. जानेवारी २०१६ मध्ये इंटेलने तो मान्य केला आणि त्यावरची दुरुस्ती बायोसच्या अद्ययावत आवृत्तीतून घरोघरच्या संगणकांपर्यंत पोहोचू लागली.