सव्वीसवर ठेवलेली गाडी

सासूबाईंना दर गुरुवारी श्रीवर्धनला न्यावं लागतं, गुडघ्यांच्या व्यायामासाठी. वय ८४. हरिहरेश्वरातून निघालं की वळणावळणांचा रस्ता, एका बाजूला समुद्र, आणि एप्रिल-मेमध्ये वरून ऊन. मुलाने विजेवरची गाडी घेऊन दिली तेव्हा माझ्या फोनवर एक बटण दाखवलं. घरातूनच दाबायचं, आपण बाहेर येईपर्यंत गाडी गार. पहिल्या गुरुवारी मी दहा मिनिटं आधी ते दाबलं. सासूबाई आत बसल्या आणि पदर खांद्यावर ओढून म्हणाल्या, "अगं, बर्फाच्या लादीवर बसवलंस की मला!"

फोनमध्ये पाहिलं तर तापमान १८ अंशांवर होतं. मुलाने पुण्याला जाताना ठेवलेलं, तसंच राहिलेलं. मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आकडा दिसला की तो तिथे का आहे, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

बहुतेकांना वाटतं, १८ ठेवलं की गाडी लवकर गार होते. तसं नसतं. तो आकडा म्हणजे एसीने कुठे थांबायचं याचा निरोप. उन्हात तापलेल्या गाडीत सुरुवातीची मिनिटं १८ ठेवा नाहीतर २५, कॉम्प्रेसर सारख्याच जोराने चालतो. फरक पडतो तो पुढे. २५ वाला २५ आले की जोर कमी करतो, १८ वाला तसाच झटत राहतो.

मी स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर गाडीत नेऊन ठेवला. बाहेर सावलीत ३४ अंश, आत ५२. याचं मला नवल वाटलं नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उन्हातली बंद गाडी तासाभरात बाहेरच्यापेक्षा सरासरी २२ अंशांनी तापली होती, आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काचा जराशा खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नव्हता. लहान मूल 'दोनच मिनिटं' म्हणून गाडीत ठेवणाऱ्यांना मी हे हात जोडून सांगते.

गंमत म्हणजे गाडीतल्या हवेत उष्णता अगदी थोडी असते. तीन घनमीटर हवा, वजन साडेतीन किलो. ती ५० वरून २५ वर आणायला एका युनिटचा चाळिसावा भागही लागत नाही. खरी उष्णता असते सीटमध्ये, डॅशबोर्डमध्ये, काचांत. भाकरीचा तवा आठवा. चूल विझली तरी तवा हात लावू देत नाही. म्हणून मी आधी समोरासमोरची दारं मिनिटभर उघडी टाकते. तेवढ्याने तापलेली हवा निघून जाते, आणि एसीला फक्त तव्याशी झुंजावं लागतं.

एवढं झुंजायला वीज किती लागते? एसी सुरुवातीला दोन किलोवॅट ओढतो असं धरलं, तर पंधरा मिनिटांत अर्धं युनिट. आमची गाडी एका युनिटात सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे तीन किलोमीटर गेले, बागमांडल्याच्या जेट्टीच्या वाटेतला मोठा तुकडा! पण हे अर्धं युनिट गाडीच्या बॅटरीतूनच जायला हवं असं नाही. केबल भिंतीत लावलेली असताना गार केली, तर बहुतेक गाड्या ती वीज घरातूनच घेतात. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून तीन किलोवॅटच्या आसपास मिळतात, एसीला ते पुरतात. मग बॅटरी भरलेलीच राहते आणि निघताना गाडी गार असते. ही सोय आपल्याकडे तशी जुनीच. महिंद्राची २०१३ साली आलेली ई-२-ओ ही छोटी गाडीसुद्धा फोनवरून आधीच गार करता यायची.

तर आकडा किती ठेवायचा? घरातल्या एसींसाठी सरकारने १ जानेवारी २०२० पासून २४ हा सुरुवातीचा आकडा ठरवून दिला आहे. एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशेब आहे. गाडीला हा नियम नाही, पण विचार तोच. मी २६ वर आले, आणि त्याचं कारण विजेपेक्षा इथली हवा.

कोकणात आपल्याला छळतो तो दमटपणा. ३० अंशांच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी वाफ होऊन राहू शकतं, २० अंशांच्या हवेत १७ च. एसीच्या गार नळ्यांवर हवा आपटली की जास्तीचं पाणी सुटतं, तेच गाडीखाली थेंब थेंब पडताना दिसतं. पाणी निघालं की २६ अंशही सुखाचे वाटतात. सासूबाईंच्या गुडघ्यांना हवी होती ती कोरडी हवा, थंडी नव्हे.

पावसाळ्यात हे मला अधिक कळलं. जुलैतल्या एका पहाटे माणगावला गाडी गाठायची होती, कोकण रेल्वेची. म्हसळ्याच्या अलीकडे पुढची काच पांढरी झाली. आतून पुसली, काही उपयोग नाही. वायपर फिरवला तेव्हा दिसलं, पुन्हा पांढरी. धुकं काचेच्या बाहेरच्या बाजूला होतं! मी एसी १९ वर ठेवला होता, काच इतकी गार झाली की बाहेरची ओली हवा तिच्यावर पाण्याच्या कणांनी बसत होती. थंड पाण्याच्या तांब्याला घाम येतो तसं. २६ केलं आणि काही मिनिटांत रस्ता दिसू लागला. त्या काही मिनिटांची भीती अजून मनात आहे.

आतल्या बाजूचं धुकं वेगळं. ते आपल्या श्वासाचं, ओल्या छत्र्यांचं. त्याला औषध एसी आणि हीटर एकत्र: एसीने हवेतलं पाणी काढायचं, हीटरने तीच हवा कोमट करायची, म्हणजे ती काचेवरचा ओलावा पिऊन टाकते. म्हणून पावसाळ्यात मी निघण्याआधी गाडी गार करत नाही, २७ वर 'गरम' करते. कोकणात हीटर कशाला, असं शेजारी विचारतात. त्यांना मी स्वच्छ काच दाखवते.

पेट्रोलच्या गाडीत ही ऊब फुकट असते. इंजिन पेट्रोलची बहुतेक ऊर्जा उष्णता म्हणून वायाच घालवतं. विजेच्या मोटरीत वाया जाणारं इतकं थोडं असतं, की ऊब बॅटरीतून मुद्दाम काढावी लागते. माझी भाची नॉर्वेत ऑस्लोजवळ राहते. तिथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळजवळ ८९ टक्के विजेच्या होत्या. उणे दहात ती निघण्याआधी गाडी केबलवरच २० अंशांना तापवते. तिच्या गाडीत उष्णता-पंप आहे. फ्रीज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तसा हा बाहेरची उष्णता आत आणतो. साध्या हीटरमध्ये एक युनिट विजेची एकच युनिट ऊब होते, यात दोन-तीनही मिळते, थंडी कडाक्याची झाली की जरा कमी. फोनवर आम्ही दोघी आकड्यांची तुलना करतो. तिचा २०, माझा २६.

आकडा बदलायची जागा मात्र गाडीगणिक वेगळी. काही गाड्या डॅशबोर्डवर शेवटचा ठेवलेला आकडा फोनवरूनही वापरतात, काहींना ॲपमध्ये स्वतंत्र सांगावं लागतं. गाडी दारात उभी असताना, घाई नसताना, एकदा नीट शोधून ठेवावं. वेळेचंही तसंच. आमच्या गाडीत रोजची ठरलेली वेळ लावता येते, गुरुवारी ती कामाची. पण हरिहरेश्वराच्या देवळामागच्या प्रदक्षिणेला जाते तेव्हा तिचा उपयोग नाही. खडकांतली ती वाट ओहोटीलाच मोकळी होते, आणि ओहोटी रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. त्या दिवशी पायऱ्या चढून वर आल्यावरच बटण दाबते, प्रसाद घेईतो गाडी निवते.

गुरुवारी मात्र सगळं ठरलेलं. साडेनऊची वेळ लावलेली, २६. केबल काढायची ती सासूबाई ओटीवर काठी टेकून चपला पायात सरकवू लागल्या की मगच.