विश्लेषण : गेमिंग कन्सोल तोट्यात विकूनही कंपन्या कमावतात कशा?

बनवायला ८०० डॉलर लागणारी वस्तू ६०० डॉलरला कोण विकेल? सोनीने २००६ मध्ये ती विकली. गेमिंग कन्सोलच्या किमतीमागचे गणित त्यातून समजते.

प्लेस्टेशन ३ चा हिशेब काय होता?

नोव्हेंबर २००६ मध्ये 'प्लेस्टेशन ३' जपान व अमेरिकेत दाखल झाला. अमेरिकेत २० जीबीच्या कन्सोलची किंमत ४९९ डॉलर, तर ६० जीबीची ५९९ डॉलर होती. 'आयसप्लाय' या संशोधन संस्थेने कन्सोल उघडून आतील भागांचा खर्च काढला. तो अनुक्रमे सुमारे ८०६ आणि ८४० डॉलर निघाला. म्हणजे प्रत्येक कन्सोलमागे २४० ते ३०० डॉलरचा खड्डा.

खर्च इतका का?

आयबीएम आणि तोशिबासह विकसित केलेला 'सेल' प्रोसेसर आणि तेव्हा नवी असलेली ब्लू-रे ड्राइव्ह ही मुख्य कारणे. शिवाय जुने गेम चालावेत म्हणून सुरुवातीच्या कन्सोलमध्ये प्लेस्टेशन २ ची चिपही बसवली होती.

तोटा भरून कसा निघतो?

प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, तसाच हा प्रकार. कन्सोलवर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे कंपनीला वाटा मिळतो. ऑनलाइन स्टोअरमध्ये तो साधारण ३० टक्के असतो. सबस्क्रिप्शनचे पैसे वेगळेच. दरम्यान सुटे भाग स्वस्त होत जातात आणि तोटा घटतो.

हा डाव नेहमी जमतो?

नाही. 'एक्सबॉक्स ३६०' वर्षभर आधीच २९९ आणि ३९९ डॉलरला आला होता, तर निन्टेन्डोचा 'वी' २५० डॉलरला मिळत होता. त्या आर्थिक वर्षात सोनीच्या गेम विभागाला २३२ अब्ज येनहून अधिक तोटा झाला. पुढे जुनी चिप काढून, कन्सोल आटोपशीर करून २००९ मध्ये किंमत २९९ डॉलरवर आणावी लागली.

आता काय बदलले?

'प्लेस्टेशन ५' नोव्हेंबर २०२० मध्ये ४९९ डॉलरला आला. त्याची डिस्क आवृत्ती आता तोट्यात विकली जात नसल्याचे सोनीने ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितले. तरीही किंमत उतरली नाही, उलट चढली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत ती ५० डॉलरने वाढली. भारतात ४९,९९० रुपयांचा कन्सोल २०२२ मध्ये ५४,९९० रुपयांवर गेला. 'थोडे थांबू, स्वस्त होईल' हा जुना हिशेब त्यामुळे चुकू लागला आहे.

ग्राहकाने काय पाहावे?

केवळ खोक्यावरची किंमत नव्हे, तर पुढच्या चार-पाच वर्षांचा खर्च. भारतात 'प्लेस्टेशन ५' आला तेव्हा सोनीच्या मोठ्या गेमची किंमत ४,९९९ रुपये होती. असे दहा गेम घेतले की आणखी एका कन्सोलचे पैसे गेले. डिस्क ड्राइव्ह नसलेला कन्सोल स्वस्त पडतो. पण त्यावर जुनी डिस्क विकत घेण्याची किंवा खेळून झालेली विकण्याची सोय नसते. तिथे वाचलेले पैसे हळूहळू गेमवरच खर्च होतात.